घराच्या पार्किंगसाठी फरशी, पेव्हर की काँक्रीट?

अंगणातली_वाट (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या घराचे बांधकाम संपत आले आहे, पण पार्किंगच्या जागेवर काय घालायचे याबद्दल घरात प्रत्येकाचे वेगळे मत असल्यामुळे तेवढे एकच काम अडून बसले आहे. जागा सुमारे ६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. घराला लागून असलेल्या अर्ध्या भागावर पहिल्या मजल्याचा स्लॅब आला आहे, तर फाटकाकडचा अर्धा भाग उघडा आहे. येथे एक चारचाकी आणि दोन दुचाकी उभ्या राहतील. बाहेरचा रस्ता पार्किंगच्या ठरवलेल्या पातळीपेक्षा साधारण ३० सेंमी खाली असल्याने तेथे रॅम्प करावा लागेल.

सासूबाईंना व्हरांड्यातलीच गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी पुढे फाटकापर्यंत हवी आहे, कारण ती पुसायला सोपी पडते. माझे पती साध्या काँक्रीटच्या बाजूने आहेत. मिस्त्री पेव्हर ब्लॉक (वाळूवर सुटे बसवायचे काँक्रीटचे ठोकळे) घाला म्हणतात आणि मुलीला मध्ये गवत उगवणारे जाळीचे ब्लॉक आवडले आहेत. गाडीच्या वजनाने काय फुटेल, पावसात काय निसरडे होईल आणि तेलाचे डाग कशावरून निघतील, हे तीन प्रश्न माझ्या मनात आहेत. ज्यांनी ही कामे केली किंवा करून घेतली आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

मुरूम_आणि_खडी

मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वरच्या थराबद्दल नाही. त्या जागेखाली मूळची जमीन आहे की भराव आहे, आणि भराव असेल तर तो किती खोल आहे, कधी टाकला आणि कसा चोपला, हे आधी सांगा.

असे विचारण्याचे कारण थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. माणसांसह १६०० किलोची गाडी धरली, तर एका चाकावर सरासरी ४०० किलो भार येतो. टायरचा जमिनीवरील दाब साधारणपणे त्यातल्या हवेच्या दाबाएवढाच असतो, म्हणजे ३३ पीएसआय हवा असेल तर प्रति चौरस सेंमी सुमारे २.३ किलो. हा दाब कोणतीही चांगली फरशी किंवा काँक्रीट सहज पेलते. तरीही पार्किंगमधल्या फरशा फुटतात, याचे कारण त्या चिरडल्या जात नाहीत तर वाकतात. खाली पोकळी असली किंवा भराव खचला, की फरशी पुलासारखी दोन टोकांवर टेकते, तिच्या खालच्या बाजूला ताण येतो आणि भाजलेली माती असो की काँक्रीट, ताण सोसण्याची ताकद दोघांतही बेताचीच असते.

घराच्या भिंतीलगतचा भाग याबाबतीत सर्वांत वाईट. पायासाठी खोदलेला खड्डा नंतर हाताला येईल त्या मातीने आणि विटांच्या तुकड्यांनी भरला जातो आणि गाडीची पुढची चाके नेमकी तेथेच येऊन थांबतात.

ओला_सांधा

वरील प्रतिसादातले सगळे मी स्वतःच्या पार्किंगमध्ये भोगले आहे. आम्ही घरातल्या खोल्यांसाठी घेतलेली चकचकीत फरशी उरली म्हणून तीच पार्किंगमध्ये घातली. मिस्त्रींनी प्रत्येक फरशीच्या मागे सिमेंटच्या मसाल्याचे पाच गोळे ठेवून ती दाबून बसवली. काम झपाट्याने झाले आणि दिसायलाही देखणे होते. पहिला पावसाळा संपायच्या आत चाकाखालच्या ओळीतून बद्द आवाज येऊ लागला आणि दुसऱ्या वर्षी सहा फरशांचे कोपरे उडाले. त्याआधीच एका पावसाळी संध्याकाळी दुचाकी स्टँडवर घेताना माझा पाय सरकला आणि गाडी माझ्या अंगावर आली. त्या दिवसापासून आमच्याकडे पुसायला सोपी ही फरशीची मोठी गुणवत्ता मानली जात नाही.

तिरपा_ढाळ

ओला_सांधा यांच्याशी सहानुभूती आहे, पण दोष फरशीचा नव्हता, असे मला वाटते. आमच्याकडे पार्किंगसाठीची खरबरीत फरशी नऊ वर्षे झाली तरी जशीच्या तशी आहे. खाली १०० मिमी काँक्रीट होते, त्यावर दातेरी थापीने चिकटद्रव्य पसरले, फरशीच्या पाठीलाही तेच लावले आणि मग ती रबरी हातोडीने बसवली. फरशी बसवल्यावर मी मधूनच एखादी उचलून पाहण्याचा आग्रह धरत असे, आणि पाठीवर एखादा कोरा भाग दिसला की ती परत बसवायला लावत असे. मिस्त्री माझ्यावर वैतागले होते, हे कबूल करतो.

मुरूम_आणि_खडी

तिरपा_ढाळ यांचा मुद्दा रास्त आहे. उघड्या जागेत आणि चाकांखाली फरशीची पाठ जवळजवळ शंभर टक्के चिकटलेली असावी लागते, आणि पाच गोळ्यांच्या पद्धतीत निम्मी फरशी अधांतरी राहते. त्या पोकळीत पाणी साठते ते वेगळेच.

फरशीच घालायची असेल तर खोक्यावरच्या दोन गोष्टी वाचा. एक म्हणजे पाणी शोषण्याचे प्रमाण. ते ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असलेली फरशी घट्ट आणि मजबूत असते. भिंतीवरच्या फरशांमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या वर जाते, म्हणून स्नानगृहातून उरलेल्या भिंतीच्या फरशा जमिनीवर कधीही वापरू नयेत. दुसरी गोष्ट म्हणजे घसरणीचा दर्जा. तेल लावलेल्या तिरक्या फळीवर माणसाला चालवून हा दर्जा ठरवतात आणि तो आर ९ ते आर १३ असा लिहिलेला असतो. आर ९ची फरशी ६ ते १० अंशांच्या उतारापर्यंतच पाय धरून ठेवते, तर आर ११ची १९ ते २७ अंशांपर्यंत. भिजणाऱ्या पार्किंगसाठी आर ११च्या खाली जाऊ नये आणि रॅम्पवर तर फरशीचा विचारच करू नये, असे माझे मत आहे.

याशिवाय उन्हाने फरशी प्रसरण पावते, म्हणून उघड्या भागात सांधे ५ मिमीच्या आसपास ठेवावेत आणि दर अडीच ते साडेतीन मीटरवर एक सांधा सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने भरावा. सांधा न ठेवता फरशीला फरशी भिडवली की दिसते छान, पण पुढे उन्हाळ्यात दोन फरशा एकमेकींना रेटून तंबूसारख्या वर उचलल्या जातात.

अंगणातली_वाट

इतक्या लवकर आणि तपशीलवार प्रतिसाद आल्याबद्दल आभार. भरावाबद्दल विचारले होते म्हणून आज मिस्त्रींना सोबत घेऊन पाहिले. घराच्या भिंतीलगत सुमारे ६० सेंमी भराव आहे आणि फाटकाकडे तो कमी होत जाऊन संपतो. हा भराव याच वर्षी पावसाळा संपल्यावर टाकला आहे, म्हणजे त्याने अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही. तो चोपला होता का, यावर मिस्त्री म्हणाले की ट्रॅक्टर त्यावरून ये-जा करतच होता. त्याखालून स्वयंपाकघराची सांडपाण्याची नळी जाते आणि दुचाकींच्या कोपऱ्यात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. हे सगळे लिहिताना मलाच जाणवते आहे की मी प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला होता.

जुना_कोबा

मी काँक्रीटच्या बाजूचा माणूस, तरीही या माहितीनंतर सांगतो की तेथे सलग काँक्रीट घालण्याची घाई करू नका. आमच्याकडे मूळच्या कठीण जमिनीवर दगडी सोलिंग (दगड रचून चोपलेला थर) करून त्यावर ट्रिमिक्स केले आहे, म्हणजे ओल्या काँक्रीटमधले जादा पाणी निर्वात पंपाने ओढून घेऊन मग यंत्राने ते घोटले आहे. ते उत्तम टिकले, कारण खालची जमीन जागची हलत नाही.

ज्यांची जमीन तशी पक्की आहे आणि जे काँक्रीटच घालणार आहेत, त्यांच्यासाठी थोडे लिहून ठेवतो. मोटारीसाठी १०० मिमी जाडी ही खालची मर्यादा समजावी आणि पाण्याचा टँकर किंवा सामानाचा ट्रक आत येणार असेल तर १५० मिमी धरावी. काँक्रीट सुकताना आकसते आणि तडा जाणारच, तेव्हा तो कोठे जावा हे आपण ठरवायचे असते. त्यासाठी जाडीच्या २४ ते ३० पट अंतरावर, म्हणजे १०० मिमी जाडीला अडीच-तीन मीटरवर, जाडीच्या पाव भागाइतका खोल खाचा कापतात. तो दुसऱ्या दिवसापर्यंत कापला गेला पाहिजे, कारण उशीर झाला तर काँक्रीट आपली वाट आपणच निवडते. सळयांच्या जाळीमुळे तडे थांबतात हा गैरसमज आहे. जाळी फक्त तडा रुंद होऊ देत नाही, आणि तेवढे काम करायलाही ती काँक्रीटच्या अंगात, मध्याच्या थोडी वर असावी लागते. ओतण्यापूर्वी जमिनीवर पसरून ठेवलेली आणि ओतताना पायाखाली तुडवली गेलेली जाळी शेवटी तळाशी, मातीतच राहते.

वरची बाजू आरशासारखी घोटू नका. ती थोडी ओली असतानाच झाडू आडवा ओढला की बारीक रेघा उठतात आणि पावसात पाय ठरतो. किमान ७ दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवा आणि तोवर गाडी आत आणू नका. पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरली जाते.

हिरवी_चौकट

गवताच्या ब्लॉकबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. आम्ही ते घातले आणि अर्धेच यशस्वी झाले. गाडी जेथे दिवसभर उभी असते तेथे ना ऊन पोहोचते ना पाऊस, वरून इंजिनाची धग येते, त्यामुळे चौकटीत नुसती माती उरते आणि पावसाळ्यात ती चाकांबरोबर घरात येते. जेथून गाडी फक्त जाते, त्या पट्ट्यात मात्र गवत छान वाढले आहे. तुमच्या स्लॅबखालच्या भागात ते जगणार नाही. मुलीला वाईट वाटेल, पण तिच्यासाठी कुंपणालगतचा एखादा पट्टा मोकळा सोडता येईल.

ओला_सांधा

इपॉक्सीचा लेप देण्याचा पर्याय कसा आहे? काँक्रीटवर तो दिला तर पुसायला सोपेही होईल आणि तेलही मुरणार नाही.

मुरूम_आणि_खडी

बंद गॅरेजमध्ये चालतो. उघड्यावर इपॉक्सी उन्हाने पिवळा पडतो आणि खडूसारखा भुकटा होतो, म्हणून त्यावर ऊन सोसणारा पॉलियुरेथेनचा थर द्यावा लागतो. जमिनीतून ओल वर येत असेल तर लेपाला फोड येतात. लेप नीट बसला नसेल तर लांबच्या प्रवासाहून आलेल्या गाडीचे गरम टायर त्याचे पापुद्रेही उचलतात. मी तरी उघड्या जागेसाठी सुचवणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. धागाकर्तींच्या जागेत एका टोकाला ६० सेंमी भराव आणि दुसऱ्या टोकाला पक्की जमीन, म्हणजे ती सारखी खचणार नाही. भिंतीकडे अधिक खचेल, फाटकाकडे जवळजवळ नाही. अशा जमिनीवर सलग काँक्रीट किंवा काँक्रीटवर बसवलेली फरशी ही दोन्ही ताठर कामे आडवी तडकतील. शिवाय सांडपाण्याची नळी कधी तुंबली तर ती उघडण्यासाठी तेच फोडावे लागेल. पेव्हर ब्लॉकचा खरा फायदा येथे आहे. ते खचतात, पण तुटत नाहीत. खचलेला भाग उचलायचा, खाली भर घालून चोपायचा आणि तेच ब्लॉक परत लावायचे.

आणखी एक सुचवतो. पार्किंगची पातळीच १५ सेंमी खाली घ्या. ३० सेंमीची चढण एकास दहाच्या उताराने करायची तर रॅम्प ३ मीटर लांब होईल आणि तुमचा उघडा भाग त्यातच संपेल, गाडीचे मागचे चाक कायम उतारावर राहील. पातळी खाली घेतली तर दीड मीटरचा रॅम्प पुरेल, भरावही तेवढा कमी होईल आणि व्हरांड्याला फक्त एक पायरी वाढेल. रॅम्प मात्र काँक्रीटचाच करा, त्यावर आडवे चरे पाडा, आणि वर व खाली जेथे उतार बदलतो तेथे तो हळूहळू वळवा, नाहीतर गाडीचे पोट घासते.

तिरपा_ढाळ

पेव्हरचे गुणगान ऐकून मला थोडे हसू आले, कारण आमच्या शेजारच्या पार्किंगमधले पेव्हर लाटेसारखे वर-खाली झाले आहेत आणि प्रत्येक सांध्यातून गवत व मुंग्या बाहेर येतात. तेव्हा पेव्हर म्हणजे सुटका, असे धागाकर्तींनी समजू नये.

मुरूम_आणि_खडी

तशी लाट उठते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिले म्हणजे खालचा खडी-मुरमाचा थर न चोपता खळगे वाळूनेच भरून काढलेले असतात. वाळूची गादी २५ ते ४० मिमीपेक्षा जाड असू नये, आणि ती सपाटीकरणासाठी नसते, फक्त ब्लॉक बसण्यासाठी असते. तिच्याखाली मोटारीसाठी १०० ते १५० मिमी चोपलेली खडी हवी. दुसरे कारण म्हणजे कडेला धरून ठेवणारा काँक्रीटचा कठडा नसतो. चाक वळले की ब्लॉक बाजूला सरकतात, सांधे उघडतात आणि वाळू निसटते.

मोटारीसाठी ६० मिमी जाडीचे ब्लॉक पुरतात, जड वाहन येणार असेल तर ८० मिमीचे घ्या. उभ्या गाडीचे सुकाणू फिरवले की चाक जागच्या जागी जमीन पिळते, म्हणून आयताकृती ब्लॉक सरळ ओळीत न लावता एकमेकांना काटकोनात अडकवत माशाच्या काट्यासारखे लावावेत. ही रचना पीळ चांगला सोसते. सांध्यांत २ ते ४ मिमी जागा ठेवून कोरडी बारीक वाळू झाडूने भरा आणि कंपन करणाऱ्या यंत्राने चोपून पुन्हा भरा. दाबाच्या पाण्याने धुताना फवारा सरळ सांध्यात मारला तर ही वाळूच उडून जाते, आणि मग गवत-मुंग्यांना मोकळी जागा मिळते. पहिल्या वर्षी ब्लॉकवर पांढुरका थर आला तर घाबरू नका. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेत कॅल्शियम कार्बोनेट बनतो, आणि तो हळूहळू जातो.

जुना_कोबा

तेलाच्या डागांचा प्रश्न मागेच राहिला. पेव्हर आणि काँक्रीट दोन्ही तेल पितात, हे मान्य करावे लागेल. तेल सांडल्याबरोबर ते न चोळता त्यावर लाकडाचा भुसा किंवा सिमेंटची भुकटी टाकून शोषून घ्यावे. पेव्हरमध्ये निदान डागाळलेला ब्लॉक उलटा लावता येतो किंवा बदलता येतो, म्हणून कामाच्या वेळीच वीस-पंचवीस ब्लॉक जादा घेऊन ठेवा. फिकट रंग टाळा, कारण टायरमधली रसायने फिकट ब्लॉकवर तपकिरी पट्टे उमटवतात आणि ते सहसा निघत नाहीत. शहाबादी किंवा कोटा फरशी मनात असेल तर बॅटरीतले आम्ल तिच्यावर सांडू देऊ नका. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि आम्लाने त्यांची झीज होते.

तिरपा_ढाळ

पाण्याचा हिशेबही मांडा. १ मिमी पाऊस म्हणजे प्रति चौरस मीटर १ लिटर पाणी. तुमचा उघडा भाग १५ चौरस मीटर असेल, तर ५० मिमी पावसात तेथे ७५० लिटर पाणी पडेल, आणि गच्चीचे नळ तेथेच सोडले असतील तर त्याच्या कितीतरी पट. उतार घराकडून फाटकाकडे एकास साठ असा तरी ठेवा, म्हणजे दर मीटरला सुमारे १.७ सेंमी. फाटकाच्या आत रॅम्पच्या पायथ्याशी आडवी पन्हळ आणि त्यावर गाडीचे वजन सोसणारी लोखंडी जाळी हवी. टाकीचे झाकण भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडे उंच ठेवा, नाहीतर गाडी धुतल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात उतरेल.

मुरूम_आणि_खडी

टाकीच्या झाकणाचा स्लॅब वाहनाच्या भारासाठी केलेला आहे का, हेही तपासा. केलेला नसेल तर चारचाकी तेथे जाऊच शकणार नाही, अशी एखादी खुंटी किंवा कठडा ठेवा. दुचाकींचा भार कमी असला तरी साइड स्टँडचा पाय काही चौरस सेंमीचाच असतो, म्हणून ऊन लागणाऱ्या डांबरात तो रुततो आणि पोकळ फरशीला भोक पाडतो. काँक्रीटच्या स्लॅबला त्याचे काही वाटत नाही. आणि ब्लॉक घालण्यापूर्वी भिंतीपासून गाडीच्या जागेपर्यंत एक रिकामी नळी पुरून ठेवा. उद्या विजेवर चालणारी गाडी आली तर तार ओढायला ती उपयोगी पडेल.

अंगणातली_वाट

आठवडाभर घरात चर्चा करून आम्ही ठरवले ते कळवते. पातळी १५ सेंमी खाली घेत आहोत. नळीवर त्यानंतरही पुरेशी माती राहते, हे मोजून पाहिले. भराव उकरून २०-२० सेंमीच्या थरांत पाणी मारून यंत्राने चोपून घेणार आहोत. त्यावर आत्ता काहीच कायमचे घालायचे नाही. कठडा, रॅम्प आणि पन्हळ आधी होईल, खडीचा थर चोपून त्यावर कच (दगडाचा बारीक चुरा) पसरू आणि एक पूर्ण पावसाळा गाडी त्यावरच उभी करू. जे खचायचे ते तोवर खचेल, मग भर घालून ६० मिमीचे गडद राखाडी पेव्हर लावू. व्हरांड्याच्या पायरीलगत सव्वा मीटरचा पट्टा चाकांच्या वाटेबाहेर राहतो, तेथे सासूबाईंच्या पसंतीची फरशी येईल, मात्र आर ११ दर्जाची. दुकानात खोक्यावरचा दर्जा त्या स्वतः वाचून आल्या. कुंपणाकडे मुलीसाठी गवताचा पट्टा सोडला आहे.

एकच शंका उरली आहे. फरशीचा पट्टा आणि पेव्हर जेथे भेटतात, तेथे काय करावे?

मुरूम_आणि_खडी

मध्ये १०० मिमी रुंदीचा काँक्रीटचा कठडा घ्या आणि त्याचा माथा फरशीच्या पातळीला ठेवा. पेव्हर मात्र सुरुवातीला कठड्यापेक्षा ५ मिमी उंच लावा. पहिल्या काही महिन्यांत ते तेवढे बसतात.